टेरेसवर सिनेमा – २ ऑक्टोबर

सेक्रेटरी: नमस्कार 🙏 २ तारखेला सुट्टी आहे, टेरेसवर प्रोजेक्टर लावतोय, सिनेमा सुचवा. फक्त नावं टाका, गुड मॉर्निंगचे फोटो नकोत

तन्मय बी-३०४: काका २ ऑक्टोबर म्हटल्यावर विचारताय काय 😂 दृश्यम!! त्यात पोलीस सगळ्यांना हीच तारीख विचारत फिरतात आणि घरचे सांगतात: सत्संग, पावभाजी, सिनेमा

जोशी काकू ए-१०२: पावभाजी मी करते. मी अजून बघितलेला नाहीये, कोणी सस्पेन्स फोडला तर त्याला प्लेट नाही

नायर सी-२०१: लावायचा तर ओरिजिनल लावा, २०१३ चा, मोहनलालचा. जीतू जोसेफने स्वतः लिहून केलेला. कॉपी कशाला बघायची

तन्मय: अंकल रात्री टेरेसवर सबटायटल कोण वाचणार

मीनल ए-४०१: नायर काका मल्याळम भारीच आहे त्यात वाद नाही पण हिंदीला नुसती कॉपी नका ना म्हणू, निशिकांत कामतने केलाय तो, डोंबिवली फास्टवाला, आपल्या गावाचं नाव पडद्यावर नेणारा माणूस, आणि पटकथा हिंदीत आणली उपेंद्र सिधयेने, कॅमेरा अविनाश अरुणचा ज्याचा किल्ला हा सिनेमा पण त्याच वर्षी आला, केबलच्या दुकानातला पोऱ्या म्हणजे प्रथमेश परब, आपला टाइमपासमधला दगडू. इडुक्कीतलं घर उचलून गोव्यात ठेवलं पण साळगावकर कुटुंब तिथलंच वाटतं की नाही सांगा. आणि तो गायतोंडे!! कमलेश सावंतला थिएटरात काय शिव्या पडत होत्या

जोशी काकू: गायतोंडे म्हणजे खुनी का

मीनल: नाही हो काकू, पोलीस

नायर: मीनल, टीम चांगली आहे, मान्य. पण मोहनलाल पहिला एक तास बायकोशी पैशावरून कुरकुर करतो, सिनेमे बघत बसतो, हा माणूस काही करू शकेल असं वाटतच नाही. अजय देवगण आला की आपल्याला आधीच माहीत, हा निभावणार. मजा तिथेच कमी होते. तब्बू मात्र जबरदस्त. पोलिसांची मोठी साहेब (आयजी) पण आणि आई पण

मीनल: देवगणबद्दल पटलं काका, डोळेच सांगतात सगळं 😄 पण रीमेकचं म्हणाल तर जीतू जोसेफने स्वतःच तमिळ केला ना कमल हासनला घेऊन, पापनाशम, तो आणि हिंदी एकाच महिन्यात आले, जुलै २०१५. आणि कामतने पण डोंबिवली फास्ट तमिळमध्ये माधवनला घेऊन परत केला होता, म्हणजे आपली गोष्ट दुसऱ्या गावात कशी बसवायची हे त्याला माहीत होतं. २०२० ला गेला बिचारा, पन्नाशीत. दुसरा भाग मग अभिषेक पाठकने केला, ठीक आहे

तन्मय: २०१९ ला चीनमध्ये पण बनलाय

शिंदे काका डी-१०१: रिटायर्ड पोलीस म्हणून सांगतो, सिनेमातला तारखेचा मुद्दा एकदम करेक्ट आहे. साक्षीदाराला महिन्याभरापूर्वीची तारीख विचारा, नाही सांगता येत. पण कोणी मधे दोनदा आठवण करून दिली की तो छातीठोक सांगतो, आणि खोटं बोलत नसतो! लिहिणाऱ्याने हे बरोबर पकडलंय. बाकी आमचे लोक इतके भोळे नसतात, पहिल्या दिवशी सीडीआर म्हणजे मोबाइलच्या कॉलची नोंद काढतात, टॉवर लोकेशन बघतात

तन्मय: काका म्हणूनच तर तो मोबाइल

तन्मय: हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: तन्मय!!

जोशी काकू: एक प्लेट कमी

सेक्रेटरी: हिंदी फायनल. जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे, बरोबर साडेसातला चालू, खुर्च्या आपापल्या आणा. नायर साहेब, मल्याळम पुढच्या महिन्यात क्लबहाउसला लावू, सबटायटल मोठे करून

नायर: चालेल. एक्स्टेन्शन बोर्ड माझ्याकडे आहे

जोशी काकू: तन्मय मोबाइलचं पुढे काय झालं ते मला पर्सनलवर सांग