रोजच्या काळजीचे नेमके निमित्त कसे ओळखावे?

द्राक्षवेल

आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. घरची द्राक्षबाग आहे, मी गावातल्या पतसंस्थेत नोकरी करते आणि मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून शिकते. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे चार महिने आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी हा बुरशीजन्य रोग आणि घडकूज यांमुळे हातातोंडाशी आलेले पीक जाते, त्यामुळे त्या दिवसांतली काळजी मला समजते. परंतु माल विकून सोसायटीचे कर्ज फेडून झाले, मुलीची परीक्षा नीट पार पडली, तरीही संध्याकाळी छातीत धडधड सुरू होते आणि पुढचा हंगाम, मुलीची नोकरी, सासऱ्यांचे आजारपण असे विचार एकामागून एक येत राहतात. सगळे ठीक असताना येणारी ही काळजी कशाने सुरू होते, हे शोधण्याची काही पद्धत आहे का? ‘विचार करू नकोस’ हा सल्ला घरातून पुष्कळ मिळाला आहे; त्याने मला मदत झालेली नाही.

दिवेलागण

ताई, मुलीची नोकरी हा काळजीचा विषय झाला. तो दिवसभर तसाच असतो. मग धडधड संध्याकाळीच का होते? निमित्त बहुतेक वेळा विषयापेक्षा फार लहान असते आणि म्हणूनच नजरेतून सुटते: अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन, नात्यातल्या कोणाच्या मुलाला नोकरी लागल्याचा व्हॉट्सॲपवरचा निरोप, किंवा दुपारचे जेवण राहून गेल्यावर रिकाम्या पोटी घेतलेला चहा. चहातल्या कॅफिनचा सुमारे निम्मा अंश पाच तासांनंतरही शरीरात असतो. त्याने हृदयाचे ठोके वाढले की मन त्या ठोक्यांचे कारण शोधू लागते आणि समोर दिसेल तो विषय उचलते.

एक साधी वही ठेवावी. काळजी दाटून आली की तिच्या आधीच्या अर्ध्या तासात काय घडले, आदल्या रात्री झोप कशी झाली, मनात नेमके कोणते वाक्य आले आणि त्यानंतर आपण काय केले, एवढे लिहावे. यातली शेवटची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलीने फोन उचलला नाही म्हणून तिच्या मैत्रिणीला फोन केला, हवामानाचा अंदाज पुन्हा उघडून पाहिला, पतीला ‘सगळे नीट होईल ना?’ असे विचारले. यातल्या प्रत्येक कृतीने घटकाभर बरे वाटते आणि त्या बरे वाटण्यामुळेच मन पुढच्या वेळी तीच मागणी अधिक लवकर करते. काळजी रोज का परतते, याचे उत्तर पुष्कळदा तिच्या आधी घडलेल्या गोष्टीत नसते, तर तिच्यानंतर आपण जे करतो त्यात असते.

समुपदेशक_सांगली

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे; त्यात थोडी भर घालतो. कॅनडातील क्युबेक येथील लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात असे मांडले की सतत काळजी करणाऱ्या व्यक्तीला वाईट घटनेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक त्रास अनिश्चिततेचा होतो. आपला हंगाम चांगला गेल्यावरही मन शांत होत नाही, याचा उलगडा येथे होऊ शकतो, कारण एक अनिश्चितता संपली की दुसरी तिची जागा घेते. नोंदींकडे पाहताना ‘यातले वाईट काय?’ यापेक्षा ‘यातले अनिश्चित काय?’ असे विचारून पाहावे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये सुचवलेली पद्धत आजही वापरली जाते. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा आणि इतर वेळी आलेली काळजी टिपून त्या अर्ध्या तासावर ढकलायची. ही वेळ झोपेच्या तोंडावर नसावी.

धडधडीबरोबर वजन घटणे, हात थरथरणे किंवा उकाडा सहन न होणे असे काही असेल, तर थायरॉइडची तपासणी अवश्य करावी. काळजी सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस राहत असेल आणि तिच्यामुळे झोप, एकाग्रता किंवा काम बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात दिरंगाई करू नये. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

बांधावरचा

वही अवश्य लिहावी, परंतु बागायतदाराची प्रत्येक काळजी मनाच्या सवयीतून येते असे मी मानणार नाही. आमच्या घरात ‘पाऊस झाला तर?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे नुसता फिरत होता. हवामान आधारित फळपीक विम्याच्या अटी शांतपणे वाचल्यावर कळले की भरपाई आपल्या बागेतल्या पावसावर ठरत नाही. ती महसूल मंडळासाठी, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटासाठी, नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. ही माहिती काही सुखाची नव्हती. तरीही किती पावसाला किती रक्कम मिळू शकते आणि उरलेला खड्डा कशाने भरायचा, हे कागदावर मांडता आले आणि नवरा-बायकोत त्यावर नीट बोलणे झाले. ज्या काळजीच्या पुढे काही काम लिहिता येते, ती वेगळ्या पानावर काढावी. सासऱ्यांच्या आजारपणासाठीही औषधे, कागदपत्रे आणि रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल, हे आधी ठरवून ठेवता येते.

द्राक्षवेल

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभराच्या नोंदींवरून एक गोष्ट दिसते आहे: धडधड बहुधा पतसंस्थेतून घरी आल्यानंतर आणि मुलीचा रोजचा फोन येण्याआधीच्या वेळात होते. पतसंस्थेत थकबाकीदारांच्या नोटिसा माझ्याच हातून जातात आणि त्यांतली बरीच नावे आमच्यासारख्याच बागायतदारांची असतात, याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. त्यामुळे ज्या दिवशी नोटिसा काढते, त्या दिवसांवर आता खूण करणार आहे. मुलीच्या फोनला उशीर झाला तर लगेच तिच्या मैत्रिणीला फोन न करता अर्धा तास थांबायचे, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. थायरॉइडच्या तपासणीसाठी सोमवारी रक्त देणार आहे.