धामण विळखा घालत नाही, मग भक्ष्य काबूत कसे आणते?

बांधावरचा:
गोठ्यामागे कडब्याच्या गंजीपाशी धामणीने उंदीर धरलेला पाहिला. बिनविषारी साप विळखा घालून भक्ष्याला गुदमरवतात असे ऐकले होते. हिने मात्र उंदराला जबड्यात पकडून अंगाच्या भाराने जमिनीशी दाबले आणि त्याची धडपड चालू असतानाच गिळायला घेतले. हे नेहमीचे आहे का? शिवाय, एरवी वाट अडवली की ती मान फुगवून गुरगुरते, ते कशासाठी?

तस्कर:
होय, धामणीची रीतच ती. विळखा घालणारे म्हणजे अजगर, मांडूळ, तस्कर हे साप. दिवड तर बेडूक आणि मासे जिवंतच गिळते. मागे वळलेल्या दातांमुळे निसटू पाहणारे भक्ष्य अधिकच अडकत जाते. गुदमरण्याची समजूतही आता मागे पडली आहे. अमेरिकेतील डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये विळखा घालणाऱ्या बोआ जातीच्या सापांनी भूल दिलेल्या उंदरांना आवळले असता त्यांचा रक्तदाब मोजला, तेव्हा तो काही सेकंदांतच निम्म्यावर आल्याचे दिसले. म्हणजे श्वास कोंडण्याच्या आधीच रक्ताभिसरण थांबते.

माळरान:
गुरगुरणे हा निव्वळ दरारा आहे. नागाचा फणा आडवा पसरतो, तर धामणीची मान उभी फुगते. घाईत पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही आणि बिचारी नाग समजून मारली जाते. मांडूळ याच्या उलट वागते : वेटोळ्यात डोके लपवून बोथट शेपूट वर धरते, जेणेकरून हल्ला झालाच तर तो शेपटीवर व्हावा. दिवड मात्र दाखवण्यावर थांबत नाही, ती चटकन चावते, आणि हातात धरल्यास अनेक साप शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलमूत्राच्या छिद्रातून असा दुर्गंधी द्रव सोडतात की तो वास साबणानेही लवकर जात नाही.

तस्कर:
नकलेचीही भर घालतो. बिनविषारी डुरक्या हा विषारी घोणसासारखा, तर बिनविषारी कवड्या हा विषारी मण्यारीसारखा दिसतो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे बहुधा त्याच्या उलट असतात; परंतु रात्री बॅटरीच्या उजेडात या खुणेवर विसंबून सापाला हात लावू नये, आणि चावा कोणाचा याची खात्री नसेल तर तो विषारी धरूनच रुग्णालय गाठावे.