लिथियम सुरू झाल्यापासून तोंडी हिशोब जमेना: दोष आजाराचा की गोळ्यांचा?

आडतीवरचा मुनीम, लातूर

नमस्कार. माझे वय ४१ असून लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मी गेली १६ वर्षे मुनीम म्हणून काम करतो. तीन वर्षांपूर्वी मला बायपोलर आजाराचे निदान झाले. त्याआधीचे सहा आठवडे मी रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपत होतो, मालकांना न विचारता तोंडी सौदे करत होतो आणि घरात कोणी अडवले तर अंगावर धावून जात होतो. आमच्या बाजाराच्या भाषेत सांगायचे तर ती तेजी होती, आणि तिच्यामागून आलेली मंदी पाच महिने टिकली. सध्या ३०० मिलिग्रॅमच्या लिथियमच्या तीन गोळ्या, सकाळी एक व रात्री दोन, आणि झोपताना क्वेटायपिनची एक गोळी असे औषध चालू आहे. दोन वर्षांत आजार एकदाही उलटलेला नाही, हे आधीच प्रामाणिकपणे नमूद करतो.

तक्रार निराळी आहे. १७ क्विंटल ४० किलो सोयाबीन, भाव ४,३५० रुपये, म्हणजे ७५,६९० रुपये, हे मी पूर्वी काट्यावरून कट्टे उतरायच्या आत सांगत असे. हमाली-तोलाई वजा करून निव्वळ रक्कमही तोंडीच निघे. गेल्या महिन्यात अशीच एक पट्टी करताना मी कॅल्क्युलेटरवर तीनदा गुणाकार केला आणि तीनदा वेगळे उत्तर आले. समोरचा शेतकरी शेवटी म्हणाला, "मुनीमजी, झोपलाव का काय?" सगळे हसले, मीही हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड जाते. दिवाळीनंतर वडील वारले. मी खांदा दिला, दहावे-तेरावे यथासांग केले, मात्र डोळ्यांतून थेंबभर पाणी आले नाही. दुःख कुठे तरी आहे हे कळत होते, परंतु ते काचेच्या पलीकडे असल्यासारखे वाटत होते. घरचे म्हणतात की माणूस किती शांत झाला. मला मात्र मी शांत झालो की विझलो, हेच समजत नाही.

गेले नऊ दिवस मी सकाळची गोळी कोणालाही न सांगता बंद केली आहे. मी चूक करतो आहे का, आणि हे जडत्व औषधाचे असेल तर त्यावर काही उपाय आहे का, हे अनुभव असलेल्यांनी सांगावे.

पूर्णाकाठ, परभणी

दादा, मी शाळेत शिक्षिका आहे आणि गेली ११ वर्षे हाच आजार सांभाळते आहे. तुमचे शेवटचे वाक्य वाचून काळजी वाटली, म्हणून त्याबद्दल आधी लिहिते. पाचव्या वर्षी मीही "आता मी बरी आहे" असे ठरवून लिथियम एकदम सोडले होते. पहिले दोन आठवडे डोके स्वच्छ झाल्यासारखे वाटले, वर्गात शब्द भराभर सुचू लागले, आणि मला वाटले की हीच माझी खरी बुद्धी. ती बुद्धी नव्हती, तेजीची चाहूल होती. पुढच्या महिन्यात नवऱ्याने मला रुग्णालयात भरती केले. लिथियम थांबवायचेच असेल तर डॉक्टर ते निदान चार आठवड्यांत, शक्यतो त्याहूनही सावकाश, पायरी-पायरीने उतरवतात. एकाएकी सोडल्यास आजार उलटण्याचा धोका पुष्कळ वाढतो.

आता जडत्वाबद्दल. वहीवर सही करताना आपले आडनाव आठवायला क्षणभर थांबावे लागे, इतपत माझी अवस्था होती, आणि मी सारा दोष गोळीला देत होते. तपासणीत निघाला थायरॉइड. लिथियममुळे थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते, आणि तशी मंदावली की सुस्ती, विसराळूपणा, थंडी वाजणे, वजन वाढणे, मन उदास राहणे हे सगळे मागोमाग येते. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर साधारण दोन महिन्यांनी माझे धुके पुष्कळसे विरले. पुष्कळसे म्हणते, पूर्ण नाही. तुमची टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक) तपासणी शेवटची केव्हा झाली? लिथियम चालू असताना ती आणि मूत्रपिंडाची तपासणी साधारणपणे दर सहा महिन्यांनी व्हायला हवी.

आणखी एक विचारते, राग मानू नका. "पूर्वी मी असा होतो" असे म्हणताना तुम्ही कोणत्या "पूर्वी"शी तुलना करता आहात? आजारापूर्वीच्या तुमच्याशी, की तेजीतल्या तुमच्याशी? मला हे वेगळे करायला दोन वर्षे लागली.

शेतशिवार

माझ्या मेहुण्याने असल्या सगळ्या गोळ्या सोडून प्राणायाम सुरू केला, तो ठणठणीत आहे. या गोळ्यांची सवय लागते आणि मेंदू कायमचा बोथट होतो. सोडलीत तेच बरे केलेत.

रात्रपाळी, नांदेड

मी शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात परिचारिका आहे, त्यामुळे वरील सल्ला तसाच सोडून देता येत नाही. लिथियमची व्यसनासारखी सवय लागत नाही. जडपणा येतो हे खरे, मात्र तो बहुधा मात्रेशी आणि रक्तातल्या पातळीशी जोडलेला असतो, म्हणूनच त्यावर बऱ्याचदा उपाय करता येतो. प्राणायाम अवश्य करावा, गोळीच्या जोडीने.

मुनीमजी, तुमच्या तक्रारीत निदान तीन-चार धागे गुंतलेले दिसतात. क्वेटायपिनची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते, आणि ती गोळी रात्री साडेअकराला घेणारा माणूस नऊ वाजता काट्यावर झोपाळलेलाच असणार. ती लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे. लिथियमची पातळी गरजेपेक्षा वर असेल तर विचार मंदावतो आणि हातही कापतो. ही पातळी शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी रक्त घेऊन मोजतात, म्हणून त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची असते, आणि चिठ्ठीवर हे लिहिलेले नसल्यामुळे निम्मे रुग्ण गोळी घेऊनच येतात. दीर्घकालीन उपचारात ती बहुतेकांना ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास पुरते. थायरॉइडबद्दल ताईंनी लिहिलेच आहे; क्वचित लिथियममुळे रक्तातले कॅल्शियम वाढूनही असेच मांद्य येते, म्हणून तेही पाहून घ्यावे. शिवाय मंदीचे अवशेष उरले असतील तर एकाग्रता आणि अश्रू दोन्ही आटतात, आणि तेव्हा गोळी कमी करणे म्हणजे उलट दिशेने जाणे ठरते.

लिथियम माणसाची बुद्धी खाते का, हा प्रश्न जुना आहे. जॉन केड यांनी १९४९ साली ऑस्ट्रेलियात उन्मादावर, म्हणजे तुमच्या भाषेतल्या तेजीवर, त्याचा उपयोग दाखवला. पुढे १९७९ साली डेन्मार्कचे मोगेन्स शौ यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या निर्मितीबद्दल विचारले, तेव्हा १२ जणांनी काम वाढले असे सांगितले, सहा जणांनी फरक नाही असे, आणि सहा जणांनी घटले असे. म्हणजे तुमची तक्रार खोटी नाही, फक्त ती सर्वांची नाही. हे औषध आत्महत्येचा धोका कमी करते, आणि डॉक्टर ते सहजासहजी बदलू इच्छित नाहीत याचे एक कारण तेही आहे.

बाजारात काम करता म्हणून एक ताकीद. एप्रिल-मेच्या उन्हात घाम गेला, पाणी कमी पडले, जुलाब-उलट्या झाल्या किंवा निर्जळी उपवास केला, तर लिथियमची पातळी अचानक चढते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला पाणी जपून वापरायला शिकवावे लागत नाही, पण पिण्याच्या पाण्यात तुम्ही काटकसर करू नका. मीठही मनाने एकदम कमी करू नका. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घेऊ नका, गरज पडली तर पॅरासिटामॉल विचारून घ्या. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठायचे.

नऊ दिवसांची सुटलेली गोळी भरून काढण्यासाठी दुप्पट मात्रा मात्र घेऊ नका. आजच डॉक्टरांना फोन करून खरे सांगा. ते रागावतील, रागावू द्या. डॉक्टर भेटेपर्यंत मन अस्वस्थ झाले तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

धाकटी सून, अंबाजोगाई

माझे यजमान व्हॅल्प्रोएट हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेतात. रात्रपाळीताईंचे सगळे पटते, फक्त एका ठिकाणी अडते. ओपीडीत बाहेर साठ माणसे बसलेली असताना आत मिळतात तीन मिनिटे, आणि "कसे वाटते?" या प्रश्नाला आमचे हे दर वेळी "बरं आहे" एवढेच सांगून बाहेर येत. शेवटी मी एका कागदावर लिहून नेऊ लागले: किती वाजता गोळी, किती वाजता जाग, दिवसा किती वेळा डुलकी, कोणते काम अडले. तुम्ही तर मुनीम आहात. "डोके चालत नाही" असे सांगू नका; तो तीनदा चुकलेला गुणाकार सांगा.

एक कबुली देते. यजमानांचे बोलणे-हसणे कमी झाले, तेव्हा घरात सर्वांत जास्त समाधान आम्हालाच वाटले होते. आदल्या वर्षीच्या रात्री आम्ही जागून काढल्या होत्या, त्यामुळे गप्प माणूस सोयीचा वाटला. तो गप्प माणूस आतून काय सोसतो, हे विचारायला आम्हाला आठ महिने लागले. तुमच्या घरी तुम्ही वहिनींना हे सांगितले आहे का, की फक्त इथेच लिहिले आहे?

आडतीवरचा मुनीम, लातूर

सर्वांचे आभार. तीन आठवडे उत्तर देता आले नाही.

अंबाजोगाईच्या ताईंनी ओळखले ते खरे होते, घरी सांगितलेले नव्हते. त्याच रात्री पत्नीला सुटलेल्या गोळीसकट सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की वडिलांच्या वेळी तिला माझी भीती वाटली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कागद घेऊन गेलो. डॉक्टर रागावले, पण कागद दोनदा वाचला. सकाळची गोळी त्यांनी पुन्हा सुरू केली आणि आठवड्याने रक्त तपासले, या वेळी गोळी घेण्याआधी. लिथियमची पातळी ०.८ निघाली, कॅल्शियम ठीक, टीएसएच ८.२, म्हणजे वाढलेली. थायरॉइडची गोळी लगेच दिलेली नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून ठरवणार आहेत. क्वेटायपिन आता रात्री साडेआठला घेतो आणि सकाळची जड झापड थोडी लवकर उतरते. वडिलांबद्दल विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले की मंदी उरली आहे का हे पुढच्या भेटीत सविस्तर पाहू. पूर्णाकाठ ताईंच्या प्रश्नाचे उत्तर अजून माझ्यापाशी नाही.

दुकान उघडण्याआधी रोज जुन्या पट्ट्यांतले दहा गुणाकार कॅल्क्युलेटरशिवाय करून वहीत तारखेसह लिहितो आहे; पुढच्या भेटीला ती वही न्यायची आहे. काल दहापैकी सात बरोबर आले. उरलेल्या तिन्हींत हातचा चुकला होता.