गोळी, शीर्षासन आणि झोप: योगाभ्यासाचा नेमका लाभ कोणता?

प्रश्न : मांजलपूरकर

नमस्कार. आम्ही बडोद्यात मांजलपूर भागात राहतो. माझ्या सासूबाई 62 वर्षांच्या असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून उच्च रक्तदाबाची गोळी चालू आहे, शिवाय गुडघेही दुखतात. मला दिवसभर संगणकासमोर बसून कंबरदुखी जडली आहे आणि रात्री विचार थांबत नसल्यामुळे वेळेवर झोप लागत नाही. दोघींनी मिळून योगवर्गाला जायचे ठरवले होते. परंतु जवळच्या एका वर्गातील शिक्षकांनी पहिल्याच भेटीत सांगितले की तीन महिन्यांत गोळी सुटेल आणि शीर्षासन सर्वांनाच करावे लागेल. सासूबाईंना ते फार पटले, मी मात्र धास्तावले आहे. योगाचे कोणते लाभ खरोखर पडताळलेले आहेत आणि आम्ही सुरुवात कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त फिजिओथेरपिस्ट

ताई, आपली धास्ती रास्त आहे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. त्या स्थितीत डोळ्यांतील दाब बराच वाढतो. श्वास कोंडून धरण्याचे कुंभकही सासूबाईंनी टाळावे.

याचा अर्थ रक्तदाबावर योगाचा उपयोग नाही असा मुळीच नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेकांचा रक्तदाब उतरला आणि औषध घेणाऱ्या काहींची मात्रा कमी करता आली. मात्रा कमी झाली ती रक्तदाब मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे त्या शिक्षकांना आवर्जून सांगावे. संथ श्वसनाने, विशेषतः मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतल्याने, रक्तदाबाचे नियमन करणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक संवेदनशील होते, असेही दिसून आलेले आहे.

शवासनासाठी सासूबाईंनी जमिनीवर सतरंजी अंथरून उताणे निजावे, गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी घ्यावी म्हणजे कंबर मोकळी राहते, तळहात वर ठेवावेत, आणि एक हात क्षणभर पोटावर ठेवून श्वासाबरोबर पोट वर येते की छाती, हे पाहावे. पोट वर आले पाहिजे. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब सोडावा, पण ओढूनताणून नव्हे. जमिनीवरून उठताना आधी कुशीवर वळावे. एकदम उठल्यास रक्तदाबाच्या गोळीवर असणाऱ्यांना चक्कर येऊ शकते.

आपल्या कंबरदुखीबद्दल सांगायचे तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीवरील औषधांविना करायच्या उपायांमध्ये योगाचा समावेश आहे. मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन यांपासून आरंभ करावा. वेदना पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र आधी तपासणी.

उत्तर : दांडिया बाजार

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे आणि एक गोष्ट जोडू इच्छितो, कारण ती आपल्या बडोद्याची आहे. कैवल्यधाम या योगसंस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म 1883 मध्ये येथून जवळच डभोईला झाला. प्रा. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी शरीर कमावले आणि पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगाचे धडे घेतले. 1924 मध्ये लोणावळ्याला संस्था काढण्यापूर्वीच त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचे परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले होते. ज्या माणसाची योगावर इतकी निष्ठा होती, त्यालाही मोजमाप करणे कमीपणाचे वाटले नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की सासूबाईंचा रक्तदाब घरच्या यंत्रावर रोज ठरावीक वेळी मोजून वहीत लिहावा आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. गोळीचा निर्णय त्या वहीवरून डॉक्टर घेतील. योगशिक्षकांनी तो घेण्याचे कारण नाही.

मांजलपूरकर

दोघांचे मनापासून आभार. गुडघे दुखत असताना वज्रासन चालेल का? आणि माझ्या झोपेचे काय?

उत्तर : निवृत्त फिजिओथेरपिस्ट

दुखऱ्या गुडघ्यांनी वज्रासन करू नये. सासूबाईंनी खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करावा, मांडीचा स्नायू आवळून थोडा वेळ धरावा आणि सोडावा. प्राणायामही खुर्चीवर उत्तम होतो. संथ आसनांनी दमश्वासाचा व्यायाम पुरेसा होत नाही, म्हणून गुडघे सोसतील तितके कमाटीबागेत सकाळी चालणे चालूच ठेवावे.

झोपेसाठी जेवणानंतर दोन-तीन तासांनी, दिवे मंद करून, भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणे) आणि लांब उच्छ्वासाचा अभ्यास करावा. विचार थांबवण्याची खटपट करू नये. विचार आला की लक्ष पुन्हा उच्छ्वासाकडे वळवावे, एवढेच करायचे आहे. चिंता आणि सौम्य नैराश्य यांत योगाचा आधार मिळतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु काही आठवडे नियमित करूनही झोप सुधारली नाही, किंवा दिवसाही मन उदास राहू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावे आणि अभ्यासही चालू ठेवावा. वर्ग निवडताना शिक्षक पहिल्या दिवशी आपल्याला आजार आणि औषधे विचारतात का, हे आधी पाहा. न विचारणाऱ्याकडे सासूबाईंना पाठवू नका.