तिसरीतला मुलगा वर्गातून रस्त्याकडे धावतो. त्याला धरायचं की हात लावायचाच नाही?

खाडीकाठची बाई (देवगड)

नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत आहे. माझ्याकडे पहिली आणि तिसरी, सहकारी गुरुजींकडे दुसरी आणि चौथी.

तिसरीत एक मुलगा आहे. तोंडी हिशेबात वर्गात सर्वांच्या पुढे. टोपलीतली मासळी नुसती बघून तारली कुठली, पेडवे कुठले ते सांगतो. पण कधीकधी त्याचं बिनसतं आणि मग तो कुणाचंच ऐकत नाही. हाताला लागेल ते फेकतो, शेजारच्याला चावतो आणि दारातून बाहेर सुटतो. शाळेचा चिऱ्याचा गडगा कमरेएवढा आहे. पलीकडे उतार आणि उताराखाली बंदराकडे जाणारा रस्ता. मासळीचे टेम्पो त्या वळणावर वेगाने येतात.

परवा तो गडग्यावर चढला. मी मागून कमरेला दोन्ही हातांनी धरून त्याला खाली घेतलं आणि व्हरांड्यात येईपर्यंत सोडलं नाही. त्याने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. व्हरांड्यात आल्यावर मी हात काढले, बाजूला बसले. तो भिंतीला पाठ लावून हुंदके देत राहिला, मग पाणी प्यायला, खिचडी खाल्ली.

संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी गेली की बाईन पोराक दाबून धरल्यान. दुसऱ्या दिवशी आजी आली (वडील ट्रॉलरवर खलाशी, आई काजूच्या कारखान्यात), ती म्हणाली, "बाई, चार फटके देवा त्येका. माझी काय हरकत नाय." गुरुजी म्हणतात, अंगाला हातच लावू नका, उद्या नोकरीवर बेतेल.

फटके मी देणार नाही, त्यावर चर्चाच नको. पण टेम्पोच्या दिशेने धावणाऱ्या पोराकडे बघत उभीही राहणार नाही. मला सांगा, कायद्यात हे कुठे बसतं? धरायची वेळ आलीच तर कसं धरायचं? आणि लिहून काय ठेवायचं?

निवृत्त मुख्याध्यापक, राजापूर

बाई, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. गुरुजींची भीती मी समजू शकतो, पण ती दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे आलेली आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे आणि जो हे करील त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. मुलाला धोक्यातून ओढून काढणं ही शिक्षा नव्हे. मात्र धरून ठेवण्याबद्दल त्या कायद्यात वेगळं कलम नाही, त्यामुळे सीमारेषा आपली आपणच कडक पाळायला हवी. मी शिक्षकांना एकच विचारायचो, धोका आत्ता, या क्षणी आहे का? मूल गडग्यावर आहे तोवर धरणं म्हणजे बचाव. ते खाली आलं, शांत झालं, आणि तरीही "आता बस असाच" म्हणून दंड पकडून ठेवला, तर ती शिक्षा झाली. खोलीत कोंडलं, बाकाला बांधलं, तरी शिक्षाच.

आजींना आदराने सांगा, घरच्यांनी परवानगी दिली म्हणून शिक्षकाला मारता येत नाही. कलम 17 मध्ये पालकांच्या संमतीची पळवाट ठेवलेली नाही. आणि लवकरच कुणीतरी म्हणेल, "दाखला देऊन टाका त्याला." तेही होणार नाही. प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे कलम 16 आहे. 2019 च्या दुरुस्तीने नापास करण्याबाबतचा नियम बदलला, हा नाही बदलला.

नोंद त्याच दिवशी करा. वेळ, आधी काय चाललं होतं, धोका कोणता, तुम्ही कुठे धरलंत, कधी सोडलंत, कोण हजर होतं, मुलाला किंवा तुम्हाला काय लागलं. चाव्याचाही उल्लेख करा आणि तो डॉक्टरांना दाखवा. शाळा सुटायच्या आत घरी निरोप तुमच्याकडून गेला पाहिजे, वाडीतून नव्हे. गुरुजींची सही घ्या. मुलाबद्दल विशेषणं नकोत. "उद्धट", "मोकाट" असं काही नको, डोळ्यांना दिसलं तेवढंच.

फिरती विशेष शिक्षिका, कुडाळ

कसं धरायचं ते आधी सांगते, कारण यात जीव जाऊ शकतो आणि आपल्याकडे हे कुणी शिकवत नाही.

मुलाला पालथं पाडून दाबायचं नाही. पाठीवर, छातीवर, पोटावर भार द्यायचा नाही. गुडघा टेकायचा नाही, अंगावर बसायचं नाही. श्वास घेताना छाती फुलावी लागते, पोट पुढे यावं लागतं. त्यावर वजन आलं की दोन-चार मिनिटांतही घात होऊ शकतो. "बोलतोय म्हणजे श्वास चाललाय" असं समजू नका, गुदमरणारं मूलही बोलतं. मान, तोंड, केस यांना हात नाही. हात मागे पिरगळायचा नाही, मनगट धरून खेचायचं नाही, लहान मुलांचा कोपराचा सांधा पटकन निसटतो. तुम्ही मागून कमरेला धरलंत ते ठीक, फक्त हात पोटात रुतू देऊ नका आणि तुमचं डोकं बाजूला ठेवा, मुलं डोकं मागे आपटतात. धोका संपला की लगेच सोडायचं. ओठ निळसर दिसले, अंग अचानक ढिलं पडलं, तर सगळं सोडून 108.

पण बाई, मला तुमच्या पोस्टमधलं "कधीकधी त्याचं बिनसतं" हे वाक्य अडलं. कधी? कुठल्या तासाला, कुठल्या आवाजानंतर, कोण जवळ असताना? धरायची वेळ येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याच्या आधीची पाच मिनिटं शोधा. प्रत्येक मुलाचं काहीतरी ठरलेलं असतं. एक माझ्याकडे होता, बिनसायच्या आधी शर्टाचं बटण चोखायचा. ते दिसलं की त्याची आई त्याला विहिरीवर पाणी शेंदायला न्यायची. शाळेत आम्ही वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात पोचवायला द्यायचो. हाताला जड काहीतरी मिळालं की तो सावरायचा.

आणि त्याला वर्गातून बाहेर काढू नका, बाकीच्या मुलांना काढा. सगळी मुलं "चला, आंब्याखाली" म्हटल्यावर उठतील अशी आधीच सवय लावा. दाराच्या वाटेत उभं राहू नका, गडग्याच्या बाजूला उभं राहा. बोलणं कमी. "मी इथे आहे" एवढं पुरे. त्या अवस्थेत "का केलंस?" विचारून काही उपयोग नाही.

मालवणची एक आई

माझी मुलगी अशाच एका मुलाच्या वर्गात होती. त्याने फेकलेल्या कंपासपेटीने तिच्या भुवईवर खोक पडली. वाचताना वाटलं, सगळे त्या मुलाचंच बोलतायत. माझी मुलगी पुढे कितीतरी दिवस शाळेत जाताना पोट दुखतंय म्हणायची. तिच्याशी कुणी बसून बोललं नाही. त्या मुलाला काढा असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. पण ज्यांना चावलं, ज्यांनी हे बघितलं, त्यांना त्याच दिवशी जवळ घ्या, त्यांच्या घरीही फोन करा.

चिपळूणचा, सध्या इंग्लंडमध्ये शाळेत सहायक

इथली पद्धत सांगतो, जशीच्या तशी उचलायला नव्हे. इंग्लंडमध्ये 2006 च्या एका कायद्याचं कलम 93 शाळेतल्या कर्मचाऱ्यांना वाजवी बळ वापरायची मुभा देतं. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, मालमत्तेचं नुकसान करत असेल, गुन्हा करत असेल किंवा शिस्त मोडून पडत असेल तर. शिक्षा म्हणून बळ वापरणं इथेही बेकायदाच. ज्या मुलाबाबत अशी वेळ वारंवार येते त्याच्यासाठी आधीच बसून एक कागद करतात, पालक समोर असतात. कोण धरणार, कसं, कशाने तो शांत होतो, सगळं त्यात असतं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट नंतरची वाटते. ज्याने धरलं त्याच्याशी कुणीतरी बोलतं आणि मुलाशीही बोलतात, तो सावरल्यावर. बाई, तुमच्याशी कोण बोललं? मनगट कसं आहे?

खाडीकाठची बाई

मनगट बरं आहे, डॉक्टरांना दाखवलं. विचारलंत, बरं वाटलं.

कुडाळच्या ताईंनी "कधी?" विचारल्यावर मी मागचं सगळं आठवून वहीत मांडलं. जवळजवळ प्रत्येक वेळ मधल्या सुट्टीच्या आधीची. व्हरांड्यात खिचडीची ताटं मांडतात, स्टीलवर स्टील आपटतं. आणि जोराचा पाऊस. आमच्या व्हरांड्यावर पत्रा आहे, सर कोसळली की मला पहिलीच्या मुलांचंही ऐकू येत नाही. परवा दोन्ही एकत्र होतं. त्याच्या आधी तो दोन्ही खांदे कानापर्यंत उचलून बसला होता. मला वाटायचं, थंडी वाजतेय.

आजपासून ताटं स्वयंपाकघरातच मांडायची असं मावशींशी ठरलं. त्या वेळेला तो हजेरीपट घेऊन गुरुजींच्या वर्गात जाईल, तिकडे कौलं आहेत. ज्याला चावलं होतं त्याच्या आईला भेटून आले, ती रागावली होती आणि तिचा राग रास्त होता. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गडग्याच्या जागी कुंपण आणि फाटक मागणार आहे. वडील बोटीवरून आले की त्यांना आणि आजीला बसवून तो कागद करू. गुरुजींनी नोंदीवर सही केली, म्हणाले, पुढच्या वेळी मी दुसऱ्या बाजूला उभा राहीन.

ताई, एक विचारते. पावसाच्या वेळी त्याच्या कानात कापसाचे बोळे दिले तर?

फिरती विशेष शिक्षिका, कुडाळ

बोळे नकोत, मुलं ते आत ढकलतात. कानावर बाहेरून बसणारे हेडफोनसारखे आवाजरोधक मिळतात, ते वापरून बघा. स्वतः लावू द्या त्याला, आपण चढवायचे नाहीत. आधी शांत वेळी सवय होऊ दे.

आणि त्याचे कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, पण त्याची वाट बघू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या. बालरोगतज्ज्ञांना ही वही दाखवा, त्यांना तोंडी सांगण्यापेक्षा तिचा जास्त उपयोग होईल. तिथे नेताना आजीला सोबत घ्या. "पोराक डोक्याच्या डॉक्टराकडे नेल्यान" असं वाडीत पसरायच्या आत तिने स्वतः सगळं ऐकलेलं असू दे. स्वमग्नता (ऑटिझम) असो वा दुसरं काही, निदान डॉक्टर करतील, शाळेने कुठलंही नाव आधी चिकटवू नये. मी पंधरवड्यात तुमच्या केंद्रात येते आहे, शाळेचं नाव मला खाजगीत कळवा.