कोळशाने फिल्म करतेय, कागद सोलवटतोय!

खारीचा ब्रश: कोळशाच्या चित्रांतून फिल्म करणारा दक्षिण आफ्रिकेचा चित्रकार विल्यम केंट्रिज, त्याच्यासारखं करून बघतेय. एकच चित्र कोळशाने काढायचं, थोडं पुसायचं, फोनने एक फ्रेम टिपायची, परत काढायचं. कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा साधा कागद) चौथ्या पुसण्यातच सोलवटला. शिवाय खालची करडी छटा काही केल्या जात नाही. काय चुकतंय?

निवांत: अहो, छटा राहते तेच तर हवंय! त्याच्या १९८९ च्या जोहान्सबर्गवरच्या फिल्मपासून बघा, माणूस पुढे सरकतो आणि त्याचा पुसलेला माग कागदावर राहतो. ते लपवायला गेलात तर मजाच संपली. कागद मात्र बदला, ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन कागद घ्या. कोळसा विलो झाडाच्या काडीचा हवा. दाबून बनवलेली कांडी कागदात मुरते. आणि रबर घासू नका. मळता रबर कणकेसारखा मळायचा नि हलक्या हाताने टिपायचं.

दादरकर: आपलेही चित्रकार बघा की. हुसेनच्या फिल्मला १९६७ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर पारितोषिक मिळालं. अकबर पदमसींची फिल्म 'सिझिजी' म्हणजे निव्वळ रेषा आणि आकार, माझ्या डोक्यावरून गेली. पण तय्यब मेहतांची 'कूडल' (१९७०) पोटात कालवते. वांद्र्याच्या कत्तलखान्यातली ती जनावरं पाहा आणि मग त्यांचा कॅनव्हासवरचा बांधलेला बैल. तिथे रक्ताचा थेंब नाही, नुसता सपाट रंग, तरी बघवत नाही.

खारीचा ब्रश: 'कूडल' आज रात्रीच बघते. मळता रबर आणलाय. भाच्याने च्युइंगम समजून चावला, अर्धाच उरलाय.