नदीत वल्हं, तळ्याकाठी मुक्काम: जोडीनं केलेल्या परदेशी सहली

आमच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे. नवऱ्याला सुट्टीत राफ्टिंग करायचंय आणि मला डोंगरातल्या एखाद्या तळ्याकाठी काहीही न करता बसायचंय. मुलं मोठी झाली, पासपोर्टची मुदत शिल्लक आहे, बजेट मध्यम. ही दोन्ही खुळं एकाच सहलीत जमवलेली जोडपी नक्की असणार, त्यांनी या धाग्यावर लिहावं. कुठे गेलात, पाण्याला घाबरणाऱ्याचं काय झालं, भांडण कशावरून झालं, मंगळसूत्राचं काय केलंत, सगळं चालेल. सहल कंपन्यांची माहितीपत्रकं नकोत, ती रोज फोनवर येऊन पडतात. आणि हो, मला पोहता येत नाही.

आळशी मुंगी

पोहता मलाही येत नाही, म्हणून पहिली मीच लिहिते. आम्ही स्लोव्हेनियाला गेलो. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या मधला हा चिमुकला देश. शेंगेन व्हिसा चालतो. नदीचं नाव सोचा. ज्युलियन आल्प्समध्ये त्रेंताच्या खोऱ्यात उगम, मग बोवेत्स गाव, आणि पुढे इटलीत शिरून समुद्राला मिळते. बोवेत्समध्ये दर चार दुकानांमागे एक राफ्टिंगवाला असावा असं वाटतं.

खरं सांगू? राफ्टिंगपेक्षा वेटसूट अंगात चढवणं जास्त दमवतं. मी ह्याला ओढतेय, हा मला ओढतोय, आणि शेजारचं जर्मन जोडपं केव्हाच तयार होऊन हेल्मेटसकट आमच्याकडे बघत उभं. गाईडनं आधीच विचारलं होतं, पोहता कुणाला येत नाही? मी हात वर केला तर तो शांतपणे म्हणाला, लाइफ जॅकेटला येतं. मला मागे, त्याच्या जवळ बसवलं. सूचना मोजक्या: पुढे वल्हवा, मागे वल्हवा, थांबा, आणि ‘खाली बसा’ म्हटलं की राफ्टच्या आत खाली बसायचं. वल्ह्याच्या टोकाची मूठ हातातून सोडायची नाही, कारण पाण्यानं कमी आणि शेजाऱ्याच्या वल्ह्याच्या मुठीनं दात जास्त पडतात.

मी पडले. व्हायचं ते झालं. डोक्यात एकच वाक्य होतं: उभं राहायचं नाही. उथळ दिसलं तरी नाही, कारण वाहत्या पाण्यात पाय दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह माणसाला पालथा पाडतो. पाठीवर पडायचं, पाय वर, तळवे प्रवाहाच्या दिशेनं, म्हणजे दगड आला तर बुटांना लागेल. तशी पडून राहिले, आणि नवऱ्यानं जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरून मला वर खेचलं. हात धरून कुणी वर येत नाही, पट्टेच धरायचे असतात. पाणी इतकं गार की भीती वाटायला वेळच मिळाला नाही. आणि रंग! नितळ हिरवा, तळाचे पांढरे चुनखडीचे गोटे दिसतात. पुढे एका शांत टप्प्यावर मोठ्या दगडावरून उडी मारायची संधी होती. सकाळपासून छाती फुगवून हिंडणारे आमचे वीर दगडावर चढले आणि मागच्या पोरांना ‘यू गो, यू गो’ करत शेवटी पायवाटेनं खाली आले.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं, म्हणून जवळच्या कोबारिदला युद्धसंग्रहालय बघितलं. पहिल्या महायुद्धात याच नदीच्या काठानं, १९१५ ते १९१७ मध्ये, इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीत बारा लढाया झाल्या. आदल्या दिवशी आपण खिदळत गेलो तो काठ फोटोत खंदकांनी भरलेला दिसतो. हा एरवी संग्रहालयातून दहा मिनिटांत बाहेर येणारा माणूस, तिथे खुर्चीवर बसून राहिला.

तिथून तळ्याकडे जाण्याचा प्रकार मला सगळ्यात आवडला. मोस्त ना सोची स्टेशनात आपली भाड्याची गाडी रेल्वेच्या उघड्या डब्यावर चढवायची, आत आपण बसूनच राहायचं, आणि डोंगराच्या पोटातून सहा किलोमीटरहून लांब बोगद्यानं पलीकडे बोहिन्याच्या बाजूला उतरायचं. रेल्वे १९०६ची आहे. घाटरस्त्यानं जायचं तर व्र्शिच खिंड आहे, १,६११ मीटरवर, पन्नास वळणांची. मला गाडी लागते, म्हणून बोगदा.

तळ्यांचं म्हणाल तर सगळे ब्लेडला जातात. बेटावर चर्च, वर जायला ९९ पायऱ्या, आणि रीत अशी की नवरदेवानं नवरीला उचलून त्या चढायच्या आणि तिनं तोपर्यंत गप्प राहायचं. दोन्ही अटी आम्हाला अशक्य. ब्लेड सुंदर आहे, पण तिथे बघायला जातात. बसायला बोहिन्य. चार किलोमीटर लांब, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात, तीन बाजूंनी डोंगर अंगावर आलेले. तळ्यात फिरणारी प्रवासी बोटही विजेवर चालणारी, त्यामुळे आवाज नाही. शाकाहारी असाल तर कुट्टूच्या पिठाचे ‘झ्गान्त्सी’ मागा, आपल्या उकडपेंडीची सख्खी बहीण. वरून डुकराची चरबी घालतात, ती नको म्हणून आधी सांगा, आंबट दुधाबरोबर देतात. काहीही न करता बसायचंय म्हणालात ना, ते इथे जमतं.

पेठेतला पेन्शनर

युरोप वगैरे ठीक आहे. आम्ही दोघं साठीपलीकडचे, नेपाळला गेलो. व्हिसा लागत नाही. विमानानं जात असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, आधारच्या भरवशावर राहू नका. काठमांडू–पोखरा हमरस्ता बरंच अंतर त्रिशूली नदीच्या काठानं जातो, त्यामुळे राफ्टिंगसाठी वाकडी वाट करावी लागत नाही. मधेच चरौदीला उतरायचं, नदीतून पुढे जायचं, ओले कपडे बदलून परत गाडीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा. पावसाळ्यात तीच नदी गढूळ आणि फुगलेली असते. रस्त्याचा भरवसा मात्र कुठल्याच महिन्यात धरू नका.

त्रिशूलीच्या खळाळांना नावं आहेत. त्यातला एक ‘लेडीज डिलाइट’. सौभाग्यवतींच्या तोंडात तिथे बादलीभर पाणी गेलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “अहो, हे नाव ठेवणारा नक्की पुरुष असणार.” चष्म्याला दोरी बांधा. माझ्या चष्म्याला होती, एका मुंबईकराच्या नव्हती; त्यानं पोखऱ्यापर्यंतचा हिमालय अंदाजानं पाहिला.

पोखऱ्याच्या फेवा तळ्यात माछापुछ्रे शिखराचं (६,९९३ मीटर) प्रतिबिंब बघायचं तर पहाटे उठा. ऊन चढलं की वारा सुटतो, ढग येतात, आणि दुपारी होडीवाले काय दाखवतात ते त्यांनाच ठाऊक. त्या शिखरावर चढाईला परवानगी नाही, ते पवित्र मानतात. त्यामुळे तिथे कुणीतरी झेंडा रोवल्याचे फोटो बघावे लागत नाहीत, हे मला फार बरं वाटलं. तळ्यातल्या बेटावर ताल बाराहीचं देऊळ आहे, होडीनं जाता येतं. आम्ही रोज गेलो. करायला दुसरं काही नव्हतं, आणि तेच हवं होतं.

वऱ्हाडची वाघीण

नागपूरच्या उन्हात वाढलेली मी आता कॅनडात, कॅल्गरीत राहते. मंगळसूत्र आणि अंगठी दोन्ही हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, वाद नको. गार पाण्यात बोटं बारीक होतात आणि घट्ट बसलेली अंगठीसुद्धा सुळकन निघते. मंगळसूत्र लाइफ जॅकेटच्या बकलात अडकतं ते वेगळंच.

आम्ही ब्रिटिश कोलंबियातल्या गोल्डनजवळ किकिंग हॉर्स नदीत गेलो. १८५८ साली जेम्स हेक्टर नावाच्या संशोधकाला इथे त्याच्या घोड्यानं लाथ मारली, म्हणून हे नाव. नदीही तशीच आहे बापा. पाणी हिमनदीचं, भर जुलैतही हाडं गोठतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सौम्य टप्पा मागून घ्यावा, खालची दरी अंगावर येते. मी रडले नाही, पण नवऱ्याला तसं वाटलं आणि तो चेहरा करून बसला होता. त्यावर आमचं संध्याकाळपर्यंत वाजलं.

दुसऱ्या दिवशी मोरेन लेक. आपली गाडी तिथवर नेता येत नाही, २०२३ पासून खासगी वाहनं बंद आहेत. बसचं आरक्षण आधी करा. रंग फोटोत खोटा वाटतो, प्रत्यक्षात त्याहून खोटा वाटतो. हिमनदी खडक दळते, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि निळा-हिरवा प्रकाश परत फेकतं. जूनच्या सुरुवातीला जाऊ नका, तळं अर्धं रिकामं असतं. कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर मागे हेच तळं होतं, एका आजोबांनी जपून ठेवलेली नोट काढून दाखवली.

अर्धवटराव

आमचा सल्ला वेगळा आहे. जोडीनं सगळं केलंच पाहिजे असं कुठल्या सप्तपदीत लिहिलंय? न्यूझीलंडात क्वीन्सटाउनला मी शॉटओव्हर नदीत गेलो, ही गेली नाही. त्या नदीत ऑक्सनब्रिज बोगदा आहे, सोन्याच्या आशेनं नदी वळवायला खाणवाल्यांनी खोदलेला, सुमारे १७० मीटर. राफ्ट त्यातून अंधारात जाते आणि बाहेर पडता पडता धबधब्यासारखा खळाळ लागतो. मी तिथे ‘आई गं’ ओरडत होतो तेव्हा ही वाकाटिपू तळ्यावर १९१२ सालच्या अर्नस्लॉ नावाच्या वाफेच्या बोटीत, कोळसा टाकणारा माणूस वरून बघत बसली होती. तळ्याचं पाणी थोड्या थोड्या वेळानं काही सेंटिमीटर वर-खाली होतं. माओरी कथेत तळाशी एका राक्षसाचं हृदय आहे, त्याचे ते ठोके. हे सगळं मला तिनं रात्री जेवताना सांगितलं, आणि मी तिला बोगदा सांगितला. एकत्र गेलो असतो तर बोलायला काय उरलं असतं?

गडबडगुंडा

फोटोंचं कुणीच लिहिलं नाही. आम्ही गेलो तिथे काठावरून काढलेल्या फोटोंचे पैसे जवळजवळ राफ्टिंगएवढेच मागितले. आधी विचारून घ्या.

कुंडलिकाकाठचा

धागाकर्तीताई, परदेशी तिकिटं काढण्याआधी एकदा कोलाडला या. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सोडलेलं पाणी येतं, म्हणून कडक उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. पाणी सकाळी सोडतात, त्यामुळे मुंबई-पुण्याहून येत असाल तर आदल्या रात्रीच पोहोचा किंवा पहाटे निघा. खळाळ सोचा-त्रिशूलीपेक्षा सौम्य आहेत. पण हेल्मेट, जॅकेट, वल्हं धरणं, राफ्टमध्ये परत चढणं हे सगळं तेच. शेवटच्या संथ टप्प्यात गाईड पाण्यात उतरू देतात, तिथे जॅकेट घालून पाठीवर पडून बघा. ते जमलं की कुठे जायचं ते ठरवा, आणि नाही जमलं तर सरळ बोहिन्य.